डायोसिस पारंपरिक की लिबरल, हे ओळखायचं कसं?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमची बदली झालीये, नवं शहर दोन डायोसिसच्या (डायोसिस म्हणजे एका बिशपांच्या अधिकारातला प्रदेश) हद्दीवर आहे, घर इकडे घेतलं तर एक बिशप, तिकडे घेतलं तर दुसरे. मिसेसना शांत, जुन्या वळणाची मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) आवडते, तुम्हाला जरा मोकळं वातावरण हवंय, आणि नऊ वर्षांच्या मुलीला अल्टर सर्व्हर, म्हणजे वेदीपाशी फादरांना मदत करणारी, व्हायचंय. नेटवर लोक एका डायोसिसला 'कट्टर' म्हणतात, दुसरीला 'नावापुरती कॅथलिक'. पण तुम्ही स्वतः जाऊन आलात तर त्या कट्टर डायोसिसच्या चर्चमध्ये वेदीच्या बाजूला ड्रमसेट दिसला, आणि लिबरल म्हणवणाऱ्या डायोसिसमध्ये फादर लॅटिनमध्ये सांक्तुस (मिस्सातलं 'पवित्र, पवित्र' हे गीत) गात होते. मग खरं काय, असं तुम्ही विचारलंय.

मी फादर नाही, संसारी माणूस आहे, पण बरीच वर्षं लिटर्जी कमिशनचं, म्हणजे उपासनेकडे बघणाऱ्या समितीचं काम करतोय, लेक्टर लोकांना वाचन शिकवायचं, अल्टर सर्व्हरांचं ट्रेनिंग घ्यायचं, कधी कॅटेकिस्टांच्या (धर्मशिक्षकांच्या) शिबिरात बोलायचं, त्यामुळे पुष्कळ पॅरिश (एकेका चर्चची वस्ती) समोरून कमी आणि सॅक्रिस्टीतून, म्हणजे फादरांच्या तयारीच्या खोलीतून, जास्त बघितल्यात. त्या अनुभवावरून सांगतो, तुम्ही जे दोन्हीकडे बघितलंत ते अजिबात विचित्र नाही, उलट सगळीकडे असंच असतं. आणि माझ्या मते तुम्हाला लेबल नकोच आहे. पुढची आठ-दहा वर्षं तुम्ही दोघं एकाच बाकावर बसून न भांडता मिस्सा ऐकू शकाल का, मुलगी तिथे विश्वासात वाढेल का, आणि घरात काही अडचण आली तर पॅरिशचं दार उघडं असेल का, हे तुम्हाला हवंय. पारंपरिक-लिबरल हा शब्द वापरून याचं उत्तर मिळत नाही, कारण त्या एका शब्दात आपण चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो आणि त्या एकमेकींच्या मागे चालतातच असं नाही.

उपासना कशी होते ही एक गोष्ट. शिकवण, म्हणजे लग्न, घटस्फोट, समलिंगी जोडपी, यावर काय बोलतात ही दुसरी. भक्ती म्हणजे रोझरी, ॲडोरेशन, नोव्हेना, उपवास, ही तिसरी. गरीब, कामगार, स्थलांतरित यांच्यासाठी काय करतात ही चौथी. आणि निर्णय कोण घेतं, फादर एकटे की लोकांना विचारून, ही पाचवी, जी लोक कधी मोजतच नाहीत.

आता काँगोच्या राजधानीचं, किन्शासाचं उदाहरण घ्या. काँगोमध्ये १९८८ साली व्हॅटिकनच्या मंजुरीने मिस्साची झाईरियन पद्धत (झाईर हे काँगोचं तेव्हाचं नाव) सुरू झाली, त्यात ढोल आहेत, वेदीभोवती ताल धरून नाच आहे, पूर्वजांचं स्मरण आहे. एखाद्या जुन्या वळणाच्या माणसाने व्हिडिओ बघितला तर पहिल्या मिनिटाला म्हणेल, हे काय चाललंय. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ च्या डिसेंबरात सेंट पीटर्समध्ये काँगोच्या लोकांसाठी याच पद्धतीने मिस्सा केली. आणि त्याच किन्शासाचे आर्चबिशप, कार्डिनल फ्रिदोलिन अंबोंगो, यांनी जानेवारी २०२४ मध्ये आफ्रिकेतल्या बिशप कॉन्फरन्सच्या वतीने जाहीर केलं की समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देणं आमच्याकडे होणार नाही. अशा आशीर्वादाला वाट देणारं 'फिदुचिया सुप्लिकान्स' हे पत्रक डिसेंबर २०२३ मध्ये रोमहून आलं होतं, त्याला एका अख्ख्या खंडातून आलेलं हे उत्तर. मग किन्शासा पारंपरिक की लिबरल? ढोलावरून ठरवाल तर चुकाल.

उलट बाजूला अमेरिकेतल्या डोरोथी डे बघा. रोजची मिस्सा, रोझरी, चर्चच्या शिकवणीबद्दल पूर्ण निष्ठा, आणि त्याच बाईने १९३३ मध्ये कॅथलिक वर्कर चळवळ उभी केली, युद्धाला विरोध केला, अनेकदा तुरुंगात गेल्या. त्यांना कुठल्या खान्यात टाकणार? त्यांच्यासारखी माणसं प्रत्येक पॅरिशमध्ये असतात, फक्त त्यांच्याबद्दल कुणी काही लिहीत नाही. पहाटेच्या मिस्साला डोक्यावर पदर घेऊन बसणारी आजीच दुपारी कामगारांच्या वस्तीत औषधं वाटत असते.

आणि आपल्या देशातलंच घ्यायचं तर केरळमधली एर्नाकुलम-अंगमाली आर्चडायोसिस. ती ज्या पूर्वेकडच्या परंपरेच्या कॅथलिक चर्चमध्ये येते त्या सिरो-मलबार चर्चच्या सिनडने (बिशपांच्या सभेने) २०२१ मध्ये ठरवलं की सगळीकडे मिस्साचा पहिला भाग लोकांकडे तोंड करून आणि मधला मुख्य भाग वेदीकडे तोंड करून व्हावा. त्या आर्चडायोसिसमधल्या मोठ्या संख्येने पुरोहितांनी आणि लोकांनी नकार दिला, कारण त्यांच्याकडे कित्येक दशकं पूर्ण मिस्सा लोकांकडे तोंड करून होत होती आणि त्यांच्या लेखी तीच त्यांची रीत झाली होती. प्रकरण इतकं चिघळलं की डिसेंबर २०२२ मध्ये कॅथेड्रलमध्ये हाणामारी होऊन ते बंद ठेवावं लागलं. तिथे दोन्ही बाजू परंपरेचंच नाव घेत होत्या. एक म्हणते पूर्वेकडची जुनी परंपरा, दुसरी म्हणते आम्ही ज्यात वाढलो ती परंपरा. बाहेरचा माणूस तिथे पारंपरिक-लिबरल असा शिक्का मारायला गेला तर कुणाच्या कपाळावर मारणार?

आता डायोसिस आणि पॅरिश यातला फरक. लोक म्हणतात अमुक डायोसिस लिबरल आहे, म्हणजे बहुतेक वेळा त्यांनी तिथल्या एक-दोन पॅरिश बघितलेल्या असतात किंवा बिशपांचं एखादं वाक्य बातमीत वाचलेलं असतं. रविवारी तुमच्या वाट्याला बिशप येत नाहीत, पॅरिश प्रीस्ट येतात. प्रवचन किती लांब, गायन कसलं, कन्फेशन (फादरांकडे पापांची कबुली) कधी, ऑफिसमधला माणूस तुमच्याशी कसा बोलतो, हे सगळं तिथे ठरतं. एकाच डायोसिसमध्ये सायकलने दहा मिनिटांच्या अंतरावर दोन पॅरिश आणि दोन जगं, हे मी कितीदा बघितलंय.

पण म्हणून डायोसिसला काही किंमत नाही असं नाही हं. काही गोष्टी बिशपांच्याच हातात असतात आणि त्यातली एक थेट तुमच्या मुलीची आहे. मुलींना अल्टर सर्व्हर होऊ द्यायचं का, हे १९९४ मध्ये रोमने स्थानिक बिशपांवर सोडलं. अमेरिकेत नेब्रास्कातल्या लिंकन डायोसिसने त्यानंतरही अनेक वर्षं फक्त मुलगेच घेतले, व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनने २००६ मध्ये मुलींना परवानगी दिली. आणि पुढची गंमत म्हणजे २००१ मध्ये रोमने हेही स्पष्ट केलं की बिशपांनी परवानगी दिली तरी ते एखाद्या फादरवर मुली घ्याच अशी सक्ती करू शकत नाहीत. म्हणजे तुमच्या मुलीसाठी दोन दारं आहेत, पहिलं बिशपांचं आणि दुसरं पॅरिश प्रीस्टचं, आणि दोन्ही उघडी असावी लागतात. नेटवरच्या कुठल्याही यादीतून हे कळणार नाही. (लेक्टर आणि अकोलाइट ही रीतसर सेवापदं जानेवारी २०२१ पासून स्त्रियांनाही मिळू शकतात, पण ते मोठ्यांसाठी, तो विषय वेगळा.)

दुसरी गोष्ट मिसेससाठी. त्यांना 'जुन्या वळणाची' म्हणजे नक्की काय हवंय हे आधी घरात बसून बोला. १९६२ च्या मिस्सालची (मिस्साच्या प्रार्थनांच्या पुस्तकाची) पूर्ण लॅटिन मिस्सा हवी असेल तर तो प्रश्न सरळ बिशपांचा आहे. २००७ मध्ये पोप बेनेडिक्ट यांनी ती बरीच मोकळी केली होती, कुठलाही फादर करू शकत होता, १६ जुलै २०२१ ला पोप फ्रान्सिस यांनी 'त्रादिसिओनिस कुस्तोदेस' काढून ती परत बिशपांच्या परवानगीखाली आणली, आणि फेब्रुवारी २०२३ पासून तर पॅरिश चर्चमध्ये ती ठेवायची किंवा नव्या फादरला परवानगी द्यायची तर बिशपांनाही रोमला विचारावं लागतं. त्यामुळे एखाद्या डायोसिसमध्ये ती मिस्सा नाही म्हणून बिशप लिबरल, असं धरू नका, कदाचित मागणारे पुरेसे लोक नसतील, शिकलेला फादर नसेल किंवा परवानगीचं कागदपत्र अडकलं असेल. पण मला वाटतं तुमच्या मिसेसना ते नकोय, त्यांना शांतता, नीट गायलेलं भजन, मिस्साच्या आधी गप्पांचा बाजार नसणं, एवढंच हवंय. ते आत्ताच्या मिस्सालमध्ये, आपल्याच भाषेत अगदी व्यवस्थित मिळू शकतं, त्याला कुणाची परवानगी लागत नाही, फक्त फादरना आणि क्वायरला त्याची चाड असावी लागते.

तिसरी गोष्ट, बिशप बदलतात. पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली की कॅनन लॉप्रमाणे (चर्चच्या कायद्याप्रमाणे) त्यांना पोपकडे राजीनामा पाठवायची विनंती असते, तो कधी लगेच स्वीकारला जातो कधी दोन-तीन वर्षांनी. म्हणून मी नवीन ठिकाणी गेलो की पहिल्यांदा बिशपांचं वय बघतो, हसू नका, बाहत्तर वर्षांच्या बिशपांच्या धोरणावर घर विकत घ्यायचं नसतं. त्यापेक्षा सेमिनरीत, म्हणजे फादर घडतात तिथे, कोण शिकवतंय आणि गेल्या दहा वर्षांत दीक्षा झालेले फादर कसे आहेत ते बघा, कारण बिशप गेले तरी ते पुढची चाळीस वर्षं तिथेच राहणार आहेत. बऱ्याच देशांत एक गोष्ट दिसते की साठी-सत्तरीतले फादर मोकळे आणि तिशीतले फादर जास्त जुन्या वळणाचे, कॅसॉक (फादरांचा लांब झगा) घालणारे, धूप जास्त लावणारे. म्हणजे आजची 'लिबरल' डायोसिस पंधरा वर्षांनी कशी असेल हे आजच्या लेबलवरून सांगता येत नाही.

चौथी गोष्ट म्हणजे मॅरेज ट्रिब्युनल, लग्नाच्या वैधतेवर निकाल देणारं चर्चचं कोर्ट, पण त्यावर खाली येतो.

आधी ज्या गोष्टी लोक सगळ्यात पहिल्यांदा बघतात आणि ज्यातून सगळ्यात कमी कळतं, त्या बाजूला काढू. गिटार, ड्रम, टाळ्या. लॅटिन. फादर कुठे तोंड करून उभे आहेत. कम्युनियन (मिस्सात मिळणारी पवित्र भाकर) हातावर की जिभेवर. यावर लोक तासन्‌तास भांडतात. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या बिशपांच्या सभेने) डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेवर जो दस्तऐवज मंजूर केला तो उघडून बघितला तर त्यात लॅटिन जपा असंही आहे, लोकभाषेला जास्त जागा द्या असंही आहे, ग्रेगोरियन गायनाला मानाचं स्थान द्या असंही आहे, आणि स्थानिक लोकांच्या संगीताचा मान राखा असंही आहे. फादरांनी लोकांकडे तोंड करावं असा तर त्यात शब्दही नाही. म्हणजे लॅटिनमध्ये सांक्तुस गाणारे तुमचे ते 'लिबरल' फादर परिषदेच्या शब्दाला धरून आहेत आणि ढोल वाजवणारा क्वायरही त्याच दस्तऐवजाच्या दुसऱ्या पानावर उभा आहे. भारतात १९६९ मध्ये रोमने बारा मुद्दे मंजूर केले, त्यात जमिनीवर बसणं, हात जोडून नमन, आरती हे आलं. त्यावेळी काहींना ते भयंकर आधुनिक वाटलं होतं, आज त्याच गोष्टी कुठे कुठे 'आपली जुनी पद्धत' म्हणून सांगितल्या जातात.

कम्युनियनबद्दल मात्र एक छोटी परीक्षा आहे जी मला फार उपयोगी वाटते. पॅरिश काय करते हे बघू नका, जो वेगळं करतो त्याच्याशी कशी वागते ते बघा. जिथे सगळे हातावर घेतात तिथे एखादी बाई गुडघे टेकून जिभेवर घ्यायला आली तर फादर थांबून शांतपणे देतात की कपाळाला आठ्या घालतात? २००४ च्या रोमच्या सूचनेत स्पष्ट आहे की जिभेवर घ्यायचा हक्क प्रत्येकाला कायम आहे आणि गुडघे टेकले म्हणून कुणाला नाकारता येत नाही. आणि जिथे सगळे गुडघे टेकतात तिथे, हातावर घ्यायची परवानगी असलेल्या डायोसिसमध्ये, कुणी उभं राहून हात पुढे केले तर आजूबाजूचे वळून बघतात का? या दोन-तीन सेकंदांत त्या पॅरिशबद्दल जे कळतं ते वेबसाइटवरच्या मिशन स्टेटमेंटमध्ये कळत नाही.

आता मी स्वतः काय बघतो ते सांगतो.

पहिलं म्हणजे बुलेटिन किंवा नोटीस बोर्ड, आणि त्यात कन्फेशनची वेळ. 'फोन करून वेळ ठरवा' असं असेल तर समजा की फारसं कुणी येत नाही आणि त्याची कुणाला फारशी काळजीही नाही. 'मिस्साच्या आधी दहा मिनिटं' असेल तर ठीक, निदान काहीतरी आहे. ठरलेला तास असेल तर त्या तासाला जाऊन बसा. एकदा लेक्टरांच्या ट्रेनिंगसाठी मी एका चर्चमध्ये लवकर पोचलो होतो, संध्याकाळचे साडेचार, चर्च रिकामं, वेदीच्या बाजूला ड्रमवर चादर टाकलेली, आणि कन्फेशनलमध्ये दिवा लागलेला. आत फादर जांभळी स्टोल गळ्यात घालून प्रार्थनेचं पुस्तक वाचत बसले होते. अर्धा तास कुणीच नाही. मग हेल्मेट हातात घेऊन एक डिलिव्हरीचा मुलगा आला, पाचेक मिनिटं आत होता, बाहेर येऊन मागच्या बाकावर गुडघे टेकले आणि मोबाईल वाजला तसा पळाला. ड्रमवाली पॅरिश होती ती. रविवारी फक्त दहाच्या मिस्साला आलेल्या माणसाने तिला लिबरल म्हणून निकालात काढलं असतं.

दुसरं, ऑफिस. हे मी सगळ्यांना सांगतो की रविवारी चर्च बघू नका, मंगळवारी ऑफिस बघा. एकाच वर्षात दोन पॅरिशमध्ये मी साधारण सारखीच केस बघितली, लग्न न झालेली आई बाळाच्या बाप्तिस्म्याबद्दल विचारायला आलेली. एका ठिकाणी प्रवेशद्वारावर मोठा बॅनर होता, सर्वांचं स्वागत आहे, प्रवचनं एकदम पुरोगामी, पण ऑफिसमधल्या माणसाने तिच्याकडे नीट न बघताच कागदांची यादी हातात दिली, लग्नाचा दाखला आणा, नसेल तर लेखी कारण आणा, इतके क्लास करा. ती परत आली नाही. दुसरी पॅरिश एकदम जुन्या थाटाची, वेदीवर सहा मेणबत्त्या, कम्युनियन रेल (वेदीपुढचा गुडघे टेकायचा कठडा), तरुण फादर पायघोळ कॅसॉकमध्ये. मी सॅक्रिस्टीच्या दारात रोटा (कुणाची पाळी कधी याची यादी) लावत होतो म्हणून ऐकू आलं. फादरनी तिला बसवलं, पाणी दिलं, दोनच प्रश्न विचारले, गॉडपेरेंट कोण होणार आणि बाळाला प्रार्थना कोण शिकवणार. ती म्हणाली माझी आई शिकवेल. फादरनी डायरी उघडून तिथेच तारीख दिली. कॅनन लॉला हवं असतं ते एवढंच, बाळ कॅथलिक विश्वासात वाढेल अशी काहीतरी ठोस आशा, आई-बाबांच्या लग्नाचा दाखला नव्हे. आता यातली पारंपरिक कोणती आणि लिबरल कोणती ते तुम्ही ठरवा, मला एवढंच कळतं की अडचणीत असताना मी कुठे गेलो असतो.

अर्थात उलटंही बघितलंय, जिथे जुन्या थाटाचे फादर लोकांना वेदीवरून झापतात आणि गिटारवाल्या पॅरिशमध्ये ऑफिस रात्री नऊपर्यंत उघडं असतं. म्हणूनच थाटावरून अंदाज बांधू नका म्हणतोय.

तिसरं, ट्रिब्युनल. घटस्फोट झालेल्या माणसाला पॅरिशमध्ये कुणी सांगतं का की बाबा, तुझ्या लग्नाच्या वैधतेची चौकशी होऊ शकते, अर्ज असा करायचा? २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ही प्रक्रिया सोपी केली, दुसऱ्या कोर्टाची सक्तीची खातरजमा काढली, बिशपांसमोरची छोटी प्रक्रिया आणली आणि शक्यतो फी घेऊ नये म्हणून सांगितलं. काही डायोसिसनी ते मनावर घेतलं, काहींच्या फाइली अजूनही वर्षानुवर्षं पडून असतात. नुसतं बोलणारी लिबरल डायोसिस घटस्फोटितांबद्दल गोड बोलेल आणि फाइल तीन वर्षं हलणार नाही, आणि कडक म्हणवणाऱ्या डायोसिसमध्ये दोन तरतरीत जज बसलेले असतील आणि माणूस वर्षभरात मोकळा होईल. दुसरं लग्न केलेल्यांना कम्युनियनबद्दल मात्र खरोखर फरक आहे, तो लपवत नाही. २०१६ च्या 'अमोरिस लेतिसिया' या पोप फ्रान्सिस यांच्या कुटुंबावरच्या पत्रानंतर माल्टाच्या बिशपांनी जानेवारी २०१७ मध्ये बरीच मोकळी भूमिका घेतली, इतर अनेक ठिकाणी कम्युनियन न देण्याचा जुना नियम तसाच चालू राहिला. तुमच्या जवळच्या कुणाचा हा प्रश्न असेल तर लेबलच्या भरवशावर न राहता फादरना समोरासमोर विचारा.

चौथं, हिशोब. प्रत्येक पॅरिशमध्ये फायनान्स कौन्सिल असणं कॅनन लॉने सक्तीचं आहे, पॅरिश पास्टोरल कौन्सिल मात्र बिशपांना योग्य वाटलं तर आणि तिचं मत सल्ल्यापुरतं. लोकांनी दिलेल्या पैशाचा हिशोब लोकांना सांगायचा असतो, हेही तिथे लिहिलंय. वर्षातून एकदा तरी जमाखर्च बोर्डावर लागतो का ते बघा. सिनडॅलिटीवर (सगळ्यांना विचारून चालण्यावर) छान छान प्रवचन देणारे फादर आणि पाच वर्षं न लागलेला जमाखर्च, हे एकत्र बघितलं की मला काय समजायचं ते समजतं. इथे पारंपरिक-लिबरल असं काही नसतं, फक्त सरळ आणि वाकडं असतं.

प्रवचनाबद्दल फार लिहीत नाही. एका रविवारवरून ठरवू नका, आणि प्रवचन शुभवर्तमानाबद्दल होतं की फादरांच्या रागाबद्दल एवढं बघा. राग डावा असो नाहीतर उजवा, ऐकणाऱ्याला सारखाच जड जातो.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगतो. फादरांची टंचाई असेल, एका फादरकडे तीन चर्च असतील, तर मिस्सा घाईत होणार, कन्फेशन कमी होणार, तो त्यांचा कल नाही, ती त्यांची दमछाक आहे. बहुभाषिक पॅरिशमध्ये आठच्या मिस्साचा आणि दहाच्या मिस्साचा स्वभाव वेगळा असतो, कारण समाजच वेगळा. पर्यटकांची वर्दळ असलेल्या चर्चवरून शहराचा अंदाज येत नाही. आणि फादरांची टर्म किती उरलीये ते विचारा, पुष्कळ ठिकाणी ठराविक वर्षांनी बदली होते, काही देशांत सहा वर्षांनी. फादर आवडले म्हणून घर घेतलं आणि जूनमध्ये त्यांची बदली झाली, असं व्हायला नको.

आता हद्दीचा प्रश्न. घर जिथे असेल ती तुमची पॅरिश, बाप्तिस्मा, लग्न, दाखले यासाठी साधारण तिथेच जावं लागतं किंवा तिथून परवानगी आणावी लागते. पण रविवारचं कर्तव्य कुठल्याही कॅथलिक मिस्साला पूर्ण होतं, दुसऱ्या डायोसिसमध्ये गेलात तरी. त्यामुळे हद्दीवर राहणं ही अडचण न समजता सोय समजा. मिसेसनी शनिवारी संध्याकाळी किंवा रविवारी पहाटेची शांत मिस्सा पलीकडे केली आणि तुम्ही दहाला इकडे, असंही चालतं, पण लहान मुलगी असताना मी ते सुचवणार नाही, महिन्यातून एखादवेळ ठीक. दर आठवड्याला वेगवेगळं गेलं की मुलांना वाटायला लागतं की चर्च म्हणजे आईची एक पार्टी आणि बाबांची दुसरी पार्टी.

शोधाशोध करताना पोप पायस दहाव्याच्या नावाच्या सोसायटीचं चॅपल मध्ये आलं तर एवढं माहीत असू द्या की ती संस्था १९७० मध्ये आर्चबिशप लफेव्र यांनी सुरू केली, १९८८ मध्ये त्यांनी पोपच्या परवानगीशिवाय चार बिशप केले, आणि तिचं स्थान चर्चच्या कायद्यात रीतसर नाही, मान्यता १९७५ मध्येच काढून घेतली गेली होती. पोप फ्रान्सिस यांनी तिच्या फादरांकडचं कन्फेशन वैध धरायची सोय केली, पण ती डायोसिसची पॅरिश नव्हे. नुसती लॅटिन मिस्सा हवी असणाऱ्यांसाठी सेंट पीटरच्या नावाची फ्रॅटर्निटी १९८८ पासूनच रोमशी जोडलेली आहे, ती कुठे काम करते ते डायोसिसच्या ऑफिसमधून कळतं. दोन्हीकडे लॅटिनच, म्हणून लोक गफलत करतात.

तुमच्या बाबतीत मी काय करेन? घराचा ॲडव्हान्स द्यायच्या आधी दोन्ही बाजूच्या जवळच्या दोन-दोन पॅरिश निवडेन. प्रत्येकीची एक साधी वारची मिस्सा आणि एक रविवारची मिस्सा करेन, वारच्या मिस्साला जास्त वजन देईन, कारण तिथे क्वायर नसतो, फुलं नसतात, फादर आणि वीस-पंचवीस माणसं असतात आणि त्यात पॅरिश कशावर चालते ते दिसतं. एका शनिवारी कन्फेशनच्या वेळेला जाऊन बसेन. पवित्र आठवडा जवळ असेल तर गुरुवारच्या संध्याकाळी नक्की जाईन, पाय धुण्याच्या विधीला कोण बसतं ते बघायला. जानेवारी २०१६ पासून त्यात स्त्रियांनाही घेता येतं, तो विधी मुळात ऐच्छिक आहे, त्यामुळे बारा पुरुष बसले म्हणून कुणी नियम मोडला असं होत नाही आणि बायका बसल्या म्हणूनही नाही, पण कमिटीतलेच बारा बसलेत की कुणी घरकाम करणारी, कुणी वॉचमन, कुणी आजारी माणूसही आहे, हे बघण्यासारखं असतं.

आणि अल्टर सर्व्हरचं फोनवर विचारू नका. मुलीला घेऊन जा आणि फादरना तिलाच विचारू द्या. परवानगी नसेल तर नसेल, पण 'आमच्याकडे फक्त मुलगे असतात, तू क्वायरमध्ये येशील का, किंवा वाचन शिकशील का' असं तिच्या डोळ्यांत बघून सांगणारे फादर आणि तुमच्याकडे बघत 'पद्धत नाही' म्हणून विषय संपवणारे फादर यात मी पहिल्यांकडे जाईन, आणि मुली भरपूर घेतात पण कुणालाच काही नीट शिकवत नाहीत अशा पॅरिशपेक्षाही त्यांच्याकडेच जाईन. पण हे माझं झालं. तिला घंटा वाजवायचीच असेल तर मग परवानगी आहे तिकडेच घर बघा, नऊ वर्षांच्या मुलीला पर्याय समजावणं सोपं नसतं. दोन्ही डायोसिसची नावं प्रश्नात टाकली नाहीत ते बरं केलंत, टाकली असतीत तर पन्नास उत्तरं आली असती आणि सगळी बिशपांबद्दल असती.